ओवी, घर आणि ध्वनिमुद्रण

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून एक नवा उद्योग सुरू झाला आहे. आजीच्या, मावशीच्या, आत्याच्या तोंडची गाणी घरच्या घरी भ्रमणध्वनीवर मुद्रित करावयाची, त्यांच्या जोडीला स्वतः रचलेली चार गाणी घालावयाची आणि त्या सर्वांची मालिका करून आप्तेष्टांसाठी, किंबहुना साऱ्या जगासाठी खुली करावयाची. या प्रकारास 'पॉडकास्ट' म्हणतात. शब्द २००४ सालचा. मराठीत त्यास अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही आणि तो रुळेपर्यंत आम्हीही हाच शब्द वापरू. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील परिचितांकडून अशा मालिका आमच्याकडे ऐकण्यासाठी येत असतात. त्यांचे कौतुक पुष्कळ होते. 'जुने जपले हो' एवढे म्हणून श्रोता मोकळा होतो. समीक्षा मात्र होत नाही. कवितासंग्रह निघाला तर आपण त्याची भाषा, रचना, संपादन यांविषयी दोन शब्द लिहितो. घरच्या गाण्यांच्या मालिकेविषयी तसे लिहिणे कुणास अनुचित वाटते, कारण त्यात कुणाची तरी आजी असते. परिणामी एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. जे जपले, ते नेमके काय जपले?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. स्त्रियांच्या ओवीचा अगदी जुना उल्लेख 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात सापडतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने तो रचला आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात केली. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. ओवीची एवढी जुनी साक्ष आजच्या राज्यसीमेच्या पलीकडून येते, ही गोष्ट सीमाभागातील वाचकांस सुखावेल. मात्र त्या नोंदीतील दुसरा तपशील आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. राजाने ओवीचा उल्लेख केला तो कामाच्या संदर्भात. मुसळ नाही तर ओवी नाही, असे जणू त्यास म्हणावयाचे होते. पुढे ज्ञानेश्वरीने ओवीस ग्रंथाचे वैभव दिले आणि ग्रंथातली ओवी व घरातली ओवी यांच्या वाटा निराळ्या झाल्या; परंतु घरातली ओवी जात्याला, उखळाला, पाळण्याला धरूनच राहिली.

विसाव्या शतकात ही घरातली ओवी कागदावर आली. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने काढलेले खंड, कमलाबाई देशपांडे यांचे 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते', दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' ही नावे आमच्या वाचकांस नवी नाहीत. या मंडळींचे ऋण मोठे आहे. तरीही छापील ओवी ही गायलेल्या ओवीचा सांगाडा असते, हे मान्य करावेच लागते. गाणारी बाई एक ओळ सरळ म्हणून पुढे जात नाही. ती अर्धी ओळ घेते, थांबते, तीच पुन्हा घेते. मध्ये 'ग बाई', 'सांगते', 'माझ्या' असे शब्द पेरते. शेवटचा स्वर जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबविते. छापताना हे पेरलेले शब्द फालतू ठरतात आणि गाळले जातात. वास्तविक ओवीचा श्वास तेथेच असतो. दोन ओळींच्या मधल्या त्या 'ग बाई'त पुढची ओळ सुचण्यास अवकाश मिळतो. ओवी तेथे रचली जात असते.

म्हणूनच ध्वनिमुद्रणाचे मोल. या क्षेत्रात मराठीत झालेले सर्वांत मोठे काम सर्वांच्या परिचयाचे असावयास हवे, तेवढे ते नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून, ग्रामीण महाराष्ट्रातील कार्यकर्त्या स्त्रीपुरुषांच्या साह्याने, जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीतशास्त्र आणि संगणक या दोहोंचे जाणकार त्यांना येऊन मिळाले, ध्वनिमुद्रणे झाली, ओव्यांचा संगणकीय कोश उभा राहिला. पुढे २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने हे भांडार मालिकारूपाने लोकांपुढे आणले. या संग्रहाचा मोठेपणा केवळ संख्येत नाही. तेथे ओवीखाली बाईचे नाव असते, गावाचे नाव असते. एकच कल्पना दोन गावांत कशी फिरली, हे ताडून पाहता येते. गाणाऱ्या स्त्रिया आपल्या चालीस 'गळा' म्हणतात, आणि एकीचा गळा दुसरीहून कसा वेगळा, हे कानांनी कळते. घरगुती मालिकांचे मोजमाप करावयाचे तर ते याच कामाच्या शेजारी ठेवून करावे, असे आमचे मत आहे. माप मोठे आहे खरे. परंतु लहान माप लावून कौतुक करण्यात आजीचाही सन्मान होत नाही.

आता मालिकांकडे येऊ. पहिली गोष्ट कालमर्यादेची. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हापासून पुढील कित्येक वर्षे तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे आणि आपल्या गवयांना तासाचा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. ती यंत्राची सक्ती होती. पॉडकास्टवर अशी कोणतीच सक्ती नाही. तासभर दळण चालले तर तासभर मुद्रण करता येते. तरीही बहुतेक घरगुती मालिकांतून गाणे तीन-चार मिनिटांत आटोपते. आरंभी कळफलकाच्या वाद्यावरची एक धून, अखेरीस तीच धून, मध्ये पाच ओव्या. सक्ती गेली आणि सवय राहिली. पाच ओव्यांत बाईचा गळा तापतही नाही. जात्यावर बसलेल्या स्त्रीचे मन पहिल्या काही ओव्यांत देवादिकांत असते. मग ती माहेरी जाते, भावाशी बोलते, सासरचे दुखणे हळूच काढते. हा प्रवास लांबीखेरीज होत नाही. पाच ओव्यांच्या भागात श्रोत्याला देव तेवढे भेटतात.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि येथे थोडे यंत्राविषयी बोलणे भाग आहे. भ्रमणध्वनीतील मुद्रणाची व्यवस्था बहुधा माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे अशा बेताने केलेली असते. सतत एकसारखा चालणारा आवाज, मग तो पंख्याचा असो वा रस्त्यावरील वाहनांचा, ती गोंगाट समजून दाबून टाकते. जात्याची घरघर हाही सतत एकसारखा चालणारा आवाज आहे. यंत्राच्या दृष्टीने जाते आणि पंखा यांत भेद नाही. आमच्या ऐकण्यात आलेल्या एका भागात निवेदिका मोठ्या आनंदाने सांगते की, माळ्यावरचे जाते खास खाली काढले, दोघींनी मिळून जोंधळे दळले. आणि पुढे ऐकू येते ती निव्वळ ओवी, जणू दवाखान्याच्या स्वच्छ खोलीत बसून म्हटलेली. जाते आहे, पण त्याचा आवाज पुसला गेला आहे. काकणांचा किणकिणाट तेवढा मधूनच उसळतो आणि लगेच दबतो, कारण तो क्षणिक असल्याने यंत्रास पुरता पकडता येत नाही. हा आवाज-शुद्धीचा पर्याय बंद करता येतो; मुद्रण करणाऱ्याने तो आधी बंद करावा आणि पंखाही बंद करावा. शिवाय मूळ मुद्रण कोणतीही काटछाट न करता मोठ्या आकाराच्या धारिकेत वेगळे ठेवावे. उत्तम प्रतीच्या अशा धारिकेस मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. आजच्या काळात एवढी जागा कोणत्याही घरात निघते.

याच अंगाने आणखी एका प्रकाराविषयी आमची नापसंती नोंदवितो. भोंडल्याची, हादग्याची किंवा भुलाबाईची गाणी ही फेर धरून म्हणावयाची. एकट्या बाईकडे ती म्हणावयास चारजणी नसतात, म्हणून तिचाच आवाज तीन-चार वेळा मुद्रित करून एकावर एक ठेवला जातो आणि समूहाचा आभास निर्माण केला जातो. हा आभास कानाला लगेच कळतो. चारजणी गातात तेव्हा एक थोडी मागे असते, एक सूर चुकते, एकीला हसू येते. एकाच गळ्याच्या चार प्रतींना एकाच ठिकाणी श्वास लागतो. त्यापेक्षा एकटीने म्हटलेले गाणे एकटीचेच राहू द्यावे. परगावी, परभाषिक शेजारात, फेर धरण्यास कुणी नसताना म्हटलेला भोंडला हीदेखील आपल्या इतिहासातील खरी घटना आहे. ती झाकण्याचे कारण नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. तो आहे भाषेच्या दुरुस्तीचा.

बडोद्याहून आलेल्या एका मालिकेत आजीने म्हटलेले भोंडल्याचे गाणे आणि त्याखाली नातीने म्हटलेले तेच गाणे, असे दोन्ही पाठ सुदैवाने राहिले आहेत. आजीच्या गाण्यात सासूने सुनेला 'रोटली' लाटावयास सांगितली आहे आणि पुढच्या चरणात 'वाटली' हे यमक आहे. नातीने 'रोटली'ची 'पोळी' केली. यमक कोसळले. ते सावरण्यासाठी तिने पुढचा चरण बदलला, मग त्याच्या पुढचा, आणि अखेरीस गाण्यातली सासूच निराळी झाली. नातीचा हेतू चांगला होता. जगभरचे मराठी लोक ऐकणार, तेव्हा भाषा शुद्ध असावी, असे तिला वाटले. परंतु 'रोटली' हा अपभ्रंश नव्हे. एक मराठी घर गुजरातेत किती पिढ्या राहिले, त्याच्या स्वयंपाकघरात शेजारची भाषा कुठवर आली, याचा तो दाखला आहे. हे दाखले दप्तरांत सापडत नाहीत. सरदार-मानकऱ्यांची, पागा-फडणिशीची कागदपत्रे संस्थानी दफ्तरांत जपली गेली. त्यांच्या घरातील स्त्रिया कोणत्या भाषेत कुरकुरत, ते कुणी लिहून ठेवले नाही. ते असलेच तर या गाण्यांत आहे.

ही दुरुस्ती सर्वत्र चाललेली दिसते. माळव्यातल्या घरात 'भाभी'ची 'वहिनी' होते. बेळगावकडच्या गाण्यात कानडी शब्द आला की निवेदक त्याबद्दल क्षमा मागतो. गोव्यात धालोची गाणी मांडावर म्हणतात. त्यांत कोकणी आणि मराठी अशा काही एकमेकींत मिसळलेल्या असतात की, ओळ कुठल्या भाषेत सुरू झाली आणि कुठल्या भाषेत संपली ते सांगता येऊ नये. ती गाणी मुद्रित करणाऱ्याने भाषेचा वाद मांडावर नेऊ नये, एवढीच विनंती. आणि शुद्ध मराठी म्हणून आपण ज्या शब्दांचा आधार घेतो ते तरी कुठले? अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कानडीतून आलेले. त्यांना कुणी घराबाहेर काढीत नाही, कारण त्यांना येऊन फार दिवस झाले. 'रोटली'चे दिवस भरले नाहीत एवढाच तिचा दोष.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे निर्णायक वाटते. असोद्याच्या या शेतकरी बाईला लिहितावाचता येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर ती गाणी रचीत गेली आणि घरातील मंडळींनी त्यांतली काही टिपून ठेवली. १९५१ साली तिचे निधन झाले. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. तिचा मुलगा सोपानदेव हा स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारा नामवंत कवी होता. आईची खानदेशी बोली 'नीट' करून छापणे त्याला अवघड नव्हते. तशी ती छापली असती तर मराठीला आणखी एक बरी कवयित्री मिळाली असती, बहिणाबाई मिळाली नसती. घरात राहून घरच्याचे गाणे टिपणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये, याचा धडा आमच्या साहित्यात आधीच गिरवला गेला आहे.

बहिणाबाईंचे नाव निघाले म्हणून नव्या रचनांविषयीही बोलू. घरगुती मालिकांत पारंपरिक आणि स्वरचित गाणी शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे नाते कसे ठेवावे याविषयी गोंधळ दिसतो. काहीजण स्वतःची रचनाही 'पारंपरिक' म्हणून खपवितात. काहीजण चार शब्द बदलून जुन्या गाण्याखाली आपले नाव घालतात. दोन्ही गोष्टी अप्रामाणिक आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे. ओवीत परंपरा आणि रचना यांच्यामध्ये भिंत कधीच नव्हती. वर उल्लेखिलेल्या मोठ्या संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या आहेत. घाट जुना, गळा जुना, आणि आशय विसाव्या शतकाच्या ऐन मध्यातला. त्यांना पारंपरिक म्हणावे की नवे? आमच्या मते त्या दोन्ही आहेत, आणि म्हणूनच त्या ओव्या म्हणून जिवंत आहेत. ओवीत आगगाडी आली, मोटार आली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही.

या कसोटीवर पाहता मालिकांतल्या बहुतेक स्वरचित गाण्यांची निराशा होते. भोपाळ किंवा सिकंदराबादच्या सातव्या मजल्यावर राहणारी कवयित्री लोकगीत लिहावयास बसली की, तिला मोट दिसते, पाटलाचा वाडा दिसतो, खिल्लारी बैलांची जोडी दिसते. हे लोकगीत नव्हे, लोकगीताची आरास आहे. गणपतीपुढच्या देखाव्यात खेडे मांडावे तशी. उलट हैदराबादच्या एका मालिकेत सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी मुलीवर रचलेल्या ओव्या ऐकल्या. मुलगी परदेशी, तिचा चेहरा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो, मध्येच थिजतो, ओठ हलतात आणि शब्द मागाहून येतात. सासुरवाशिणीला मुराळी येईना म्हणून झुरणारी जुनी ओवी आणि ही ओवी यांच्यात आम्हांस काही अंतर दिसले नाही. चाल बाईंच्या सासूची होती आणि तसे त्यांनी सांगितलेही.

हे सांगणे महत्त्वाचे. 'पारंपरिक' हा शब्द वरकरणी नम्र, पण त्यात पुष्कळ माणसे पुसली जातात. कमलाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय' म्हटले त्यात मोठी खोच होती. वेदांप्रमाणे ज्यांचा कर्ता सांगता येत नाही ते वाङ्मय, हा एक अर्थ; पुरुषाने न केलेले, हा दुसरा. मालिकांतल्या 'पारंपरिक'मधून पहिला अर्थ तेवढा उरतो. गाणे कुणाकडून शिकले, ती बाई कुठल्या गावची, लग्न होऊन कुठे आली, कोणत्या प्रसंगी ते म्हणत, एवढे चार शब्द आरंभी बोलावयास अर्धे मिनिट पुरते. वाद्याच्या धुनीला दिलेला वेळ याहून अधिक असतो. कायद्याचीही बाजू आहे. गाणे कुणाचेही असो, गाणाऱ्याचा आपल्या गायनावर हक्क असतो. १९९४च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्व कायद्यात तो आला आणि १९९९ साली त्याची मुदत पन्नास वर्षांची झाली. आजीला कायदा दाखवावयाचा नाही, हे उघड आहे. पण हे जगाला ऐकविणार आहोत, असे तिला विचारावे तरी. कित्येकदा तेही विचारलेले नसते, हे तिच्या बोलण्याच्या मोकळेपणावरून कळते आणि ऐकताना संकोच वाटतो.

विचारल्यावर ती नाही म्हणाली तर? अशा नकारांची नोंद आम्हांस दोन-तीन मालिकांत आढळली आणि ती जशीच्या तशी ठेवल्याबद्दल त्या मालिकांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. हळदीची, घाण्याची गाणी लग्न नसताना म्हणावयास वडीलधाऱ्या बायका सहसा राजी नसतात. एका भागात नातू आग्रह करतो, आजी 'आत्ता कुणाचं लग्न आहे?' एवढेच विचारते आणि पाळण्याचे गाणे म्हणू लागते. हे गाणे कधी म्हणावयाचे नाही, हे त्या गाण्याविषयीचे ज्ञान आहे. संग्रहाच्या हव्यासापोटी आग्रह पुढे रेटून मुहूर्तावेगळी हळद मुद्रित करणाऱ्यांपेक्षा हा नातू अधिक चांगला संपादक ठरतो.

आम्ही ऐकलेल्या सर्व मालिकांत अशी संपादनदृष्टी सर्वाधिक दिसली ती इंदूरच्या एका घराच्या मालिकेत. तेथे आवाजाची साफसफाई नाही, धून नाही. रस्त्यावरून जाणारा भाजीवाला हिंदीत ओरडतो तोही आहे. तिसऱ्या भागात एक वृद्ध बाई भुलाबाईचे गाणे म्हणता म्हणता थांबतात. पुढचे आठवत नाही. त्या खोकतात, पाणी मागतात, 'हे नागपूरच्या बहिणीला येतं' असे सांगतात आणि भाग तेथेच संपतो. काहीही कापलेले नाही. पुढल्या महिन्याच्या भागात नागपूरच्या बहिणीचा दूरध्वनीवरून मुद्रित केलेला आवाज आहे. तिला पुढच्या ओळी येतात, मात्र तिच्या गाण्यात भुलाबाईला न्यावयास भाऊ येत नाही, दीर येतो, आणि चालही निराळी आहे. दोघी बहिणी एकाच आईकडून शिकल्या होत्या. कुणाचे खरे, यावर त्यांची दूरध्वनीवर बरीच हमरीतुमरी होते, आणि तीही मालिकेत आहे.